अकराजणींची सोबतीण

खुटबावात एखाद्या बाईला ऑपरेशनला न्यायचं ठरलं, की घरची माणसं आधी देवाला कौल लावत आणि मग भामाबाईला बोलावणं धाडत. देवाचा कौल कधी उजवा पडे, कधी डावा. भामाबाईचा कधी डावा पडला नाही. ती यायची, पदर खोचून ओट्यावर बसायची, बाईची तक्रार नीट ऐकून घ्यायची आणि तोंडातली मिसरी अंगणात थुंकून म्हणायची, "दोन पोरं झाली न्हवं? मग आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय? काढून टाक. मी येती संगं."

भामाबाई म्हणजे ज्ञानूची बायको. ज्ञानूच्या बापापर्यंत हे घर मेंढरांमागं फिरणारं. कालव्याचं पाणी शिवारात आलं तशी मेंढरं विकली, ऊस लावला, दारात गाई बांधल्या आणि बिऱ्हाड एका जागी टेकलं. मेंढरं गेली तरी देव्हाऱ्यातला बिरोबा होता आणि त्याचं सोवळं होतं. घरातल्या बाईला कावळा शिवला, की तिनं ओसरीच्या टोकाला गोणपाटावर बसायचं. ताटली वेगळी, तांब्या वेगळा. पाण्याला हात नाही, चुलीला हात नाही, माणसालाही हात नाही. भामाबाईनं लग्न झाल्यापासून सतरा वर्षं ते गोणपाट झिजवलं होतं.

चौतिसाव्या वर्षी तिच्या अंगावरून फार जायला लागलं. हमरस्त्याकडच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरानं पोटावर मशीन फिरवलं आणि सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढलेली बरी, पुढं कॅन्सरबिन्सर झाला तर पंचाईत. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोण कशाला पुढं विचारतंय? आठव्या दिवशी भामाबाई घरी आली. महिना उलटला, दुसरा उलटला आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात नीट उजेड पडला, की आता आपल्याला त्या कोपऱ्यात कधीच बसायचं नाही.

त्या आनंदाला तोड नव्हती. बारा महिने तीस दिवस ती देवाच्या खोलीत जाऊ शकत होती. जत्रेच्या नैवेद्याची पुरणपोळी तिच्या हातची, देवाचा दिवा तिच्या हातचा. सासू असेपर्यंत जिला घरात कुणी विचारत नव्हतं, ती बाई दोन वर्षांत घराची कारभारीण झाली. आणि आपल्याला मिळालं ते दुसरीला मिळावं, एवढं साधं मन होतं तिचं. यात तिचा काडीचाही स्वार्थ नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं तिच्यावर राग यायचा संभव आहे.

तिनं अकराजणींना नेलं. गाडीत बाईचं डोकं मांडीवर घेतलं, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून राहिली, बाई शुद्धीवर आली की पहिली हाक तिनं मारली. भाकरी-ठेच्याचं फडकं आणि धुतलेली धडुती ती घरूनच न्यायची. परत आल्यावर त्या बायका तिला ओटीत नारळ घालायच्या. आणि आता बारावी होती तिची स्वतःची सून, सुषमा. सुषमा नुसती सून नव्हे, तर भांडगावच्या म्हाळूची, म्हणजे भामाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. वय वर्षं एकतीस. महिन्यातले दहा-बारा दिवस तिच्या अंगावरून जायचं. दवाखाना तोच, मशीन तसंच, निकालही तोच. येत्या सोमवारची तारीख भामाबाईनंच लावून आणली होती.

हाड पोकळ होताना दुखत नाही, ही त्यातली खरी मेख आहे. दात किडला तर रात्रभर ठणकतो, पोट बिघडलं तर माणूस गडाबडा लोळतं. हाड मात्र वर्षानुवर्षं मुकाट झिजत राहतं आणि कुणाला सुगावाही लागू देत नाही. लागतो तेव्हा ते मोडलेलं असतं.

पहिलं मोडलं ते रतनबाईचं. भामाबाईच्या शेजारची ही रतनबाई, अकराजणींतली सगळ्यात पहिली. गोठ्यात गाईनं शेपूट झटकलं, रतनबाई दचकून मागं सरली, तोल गेला आणि हात जमिनीला टेकला. पडली म्हणावं एवढीही ती पडली नव्हती. मनगटाचे दोन तुकडे झाले. नंतर वरच्या आळीतली एक बाई मिरच्या भाजताना शिंकली आणि तिची बरगडी गेली. गाव त्यावर चार दिवस हसलं. मग एकजण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येत होती, गतिरोधकावर दणका बसला, आणि त्या दिवसापासून ती जमिनीकडं बघतच चालायला लागली. भामाबाई प्रत्येकीला बघायला जायची. "वात धरलाय," म्हणायची. "गार पाण्यात हात घालू नगंस."

आपल्या अंगाचंही तिच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर मिठाची बरणी असे. एके दिवशी तिचा हात बरणीला पोचेना. "फळी कुणी वर सरकवली रं?" तिनं माऊलीला, आपल्या लेकाला विचारलं. माऊली एमआयडीसीत कामाला, मोजमापाचा माणूस. तो म्हणाला, "आये, फळी हाय तिथंच हाय. तूच खाली आलीस." त्यावर दोघं पोट धरून हसली. लुगडं पायात यायला लागलं तशी तिनं कमरेला एक घडी जास्त खोचायला सुरुवात केली. बाई खचत होती आणि घड्या वाढवत होती.

आणि खाणं म्हणाल तर गोठ्यात चार गाई. सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध संकलन केंद्रावर जायचं, घरात राहायचं ते चहापुरतं, आणि तेही पुरुषांच्या चहापुरतं. बाया कोऱ्या चहावर. जिनं चाळीस वर्षं धारा काढल्या तिनं शेवटचं पेलाभर दूध कधी प्यायलं, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

बुधवारी त्या संकलन केंद्राच्याच पत्र्याच्या शेडमध्ये हाडं तपासायचं शिबिर लागलं. पन्नाशीच्या पुढच्या बायांनी यावं, असं भोंग्यावर सांगितलं होतं. भामाबाई आपली गंमत बघायला गेली. डॉक्टरीणबाई जेमतेम तिशीची, शिरूरकडच्या केंदूरची. तिला सगळे सृष्टीताई म्हणत होते. एका पेटीएवढ्या मशीनमध्ये टाच ठेवायची आणि गप बसायचं. भामाबाईनं टाच ठेवली. पडद्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे होते. तिचा ठिपका लालही संपत आला तिथं, पार खालच्या कडेला जाऊन थांबला.

सृष्टीनं मशीन पुसलं आणि पुन्हा एकदा टाच ठेवायला लावली. ठिपका पुन्हा तिथंच.

"पाळी कधी गेली, मावशी?"

"गेली न्हाई, घालवली," भामाबाई ऐटीत म्हणाली. "चौतिसाव्या वर्सी पिशवी काढली. बावीस वर्सं झाली. एकदाबी पस्तावली न्हाई."

सृष्टीचं लिहिणं थांबलं. "नुसती पिशवी काढली, की बाजूची अंडाशयंसुद्धा?"

"त्ये आनखी काय असतंय?"

"कागद आहे का घरात?"

कागद होता. पत्र्याच्या पेटीत, नव्या लुगड्याच्या घडीत, बावीस वर्षं जपलेला. भामाबाईनं तो आणला. इंग्रजीतला तो कागद सृष्टीनं दोनदा वाचला आणि मग हळू आवाजात म्हणाली, "दोन्ही काढलीत, मावशी. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"मला काय सांगायचं? मी काय डॉक्टर हाय?"

सृष्टीनं स्टूल पुढं ओढलं. "हे बघा, हाड म्हणजे मातीच्या घराची भिंत. रोज थोडी झडते, रोज थोडी लिंपून निघते, म्हणून उभी राहते. हे झडणं आवरून धरणारा रस बाईच्या अंडाशयात तयार होतो. पन्नाशीच्या आसपास तो सगळ्याच बायकांचा आटतो, म्हणून म्हातारपणी हाडं ठिसूळ होतातच. पण तुमचा चौतिसाव्या वर्षी एका दिवसात बंद झाला. बावीस वर्षं भिंत झडतेय आणि लिंपण पुरं पडत नाहीय. त्यात ही मिसरी. तंबाखू हाड खाते. आणि दूध?"

"दूध डेरीला जातंय."

"दिसतंय मला," सृष्टी शेडमधल्या कॅनकडं बघत म्हणाली.

"पर मी दिसभर रानात राबती. ऊन म्हनू नगा, कष्ट म्हनू नगा."

"म्हणून तर अजून उभ्या आहात. नाहीतर दहा वर्षांपूर्वीच बसल्या असता." मग तिनं सगळं सांगितलं. पुण्याला जाऊन झोपवून करतात ती मोठी तपासणी करून घ्यायची, ही टाचेची नुसती चाहूल. आठवड्याला एक गोळी मिळेल ती उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाचणी, तीळ, मेथी, आणि रोज पेलाभर दूध, कोणी काही म्हणो. मिसरी बंद. मोरीत गुळगुळीत फरशी असेल तर खरबरीत करायची. "आणि वजन उचलायचं नाही. हंडा नाही, कॅन नाही, वैरणीचा भारा नाही. कमरेतून वाकायचं नाही. पुढचं हाड मणक्याचं जाईल, नाहीतर खुब्याचं. मणका एकदा चेपला की तसाच राहतो. आणि खुबा मोडला की..."

भामाबाईला आपल्या खुब्याचं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, "ज्यांनी ज्यांनी पिशवी काढली, त्या समद्यांचं असं व्हतं?"

"अंडाशयंही गेली असतील आणि पुढं कुणी औषध दिलं नसेल, तर बहुतेकींचं. काहींना ऑपरेशनची खरंच गरज असते, तिथं करावंच लागतं. पण तिशीतली बाई, एकही गोळी देऊन न बघता? त्या बाईला पन्नाशीत म्हातारी करून टाकण्यासारखं आहे ते."

सोमवारला पाच दिवस उरले होते.

भामाबाई घरी गेली नाही. उन्हातान्हात ती आपल्या अकराजणींच्या दारी फिरली. कधी नाही ते आधी उंबऱ्यात उभी राहून बघत होती, बाई कशी उठते, कशी बसते. एकजण दोन्ही हात जमिनीला टेकल्याशिवाय उठत नव्हती. एकीनं सांगितलं, कपडे पिळताना पाठीत अशी कळ येते की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. रतनबाई तर वाकड्या मनगटानं चहाचा कप दोन हातांत धरून बसलेली. एका दारात भामाबाई पायरीवरूनच परत फिरली. त्या घरची बाई मागच्या साली मोरीत घसरली, खुबा मोडला, सहा महिने अंथरुणात राहिली आणि गेली. तिच्या दहाव्याला भामाबाईनंच सगळ्यांना धीर दिला होता, "देवाची मर्जी," म्हणून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपल्यात म्हणतात. त्या दुपारी भामाबाईला कळलं की तो दांडा आपण आहोत. तिला भरून आलं आणि रडायला जागा सापडली नाही, कारण ज्या दारात रडावं ते दार तिनंच मोडलेलं.

संध्याकाळी माऊली कामावरून आला, ज्ञानू उसाला पाणी पाजून आला. भामाबाईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "सोमवारी सुषीला न्यायचं न्हाई."

माऊली बघतच राहिला. "आये, तूच तारीक लावलीस. मी रजा टाकली, गाडी सांगितली. आन् आता?"

"आता कळलं. हाडं पोकळ व्हत्यात. समद्यांची झाल्यात."

"हात दाखवून अवलक्षण कुणी करायला सांगितलं व्हतं?" ज्ञानू पागोटं काढत म्हणाला. "फुकटचं शिबिर दिसलं की चालली टाच दाखवाया. म्हातारपणी हाडं दुखायचीच. माझी काय दुखत न्हाईत?"

सुषमा भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढला. सासूपुढं मान वर करून बोलणारी ती नव्हे, पण त्या दिवशी बोलली.

"आत्या, गावभर सांगत फिरलात, पिशवीचं काय लोणचं घालायचंय. आन् माझी पाळी आली तवाच तुमाला हाडं आठवली व्हय?"

"सुषे, तुझ्या भल्याचं सांगती. त्या डॉक्टरणीकडं जाऊ. गोळ्या देती म्हनली."

"गोळ्या खाईन की. रक्ताचं मला काय वाटत न्हाई, त्ये मी सोसती." तिनं पीठ लागलेलं बोट ओसरीकडं केलं. "पर महिन्यातलं बारा-बारा दिस त्या कोपऱ्यात कुत्र्यावानी बसायचं, त्ये न्हाई सोसत. मागल्या पाळीत धाकटी तापानं फणफणली व्हती. मला आई-आई करीत व्हती आन् तुमी तिला धरून ठिवली, मला शिवू न्हाई दिली. गोळ्यांनी बारा दिसांचं पाच व्हतील. ऱ्हातीलच की पाच. तुमी त्या गोणपाटावरनं सुटलात. मला बी सुटू द्या."

भामाबाईनं देवाच्या खोलीकडं पाहिलं. तिला लहानपणापासून ऐकलेलं आठवलं. कुण्या एका बाईनं त्या दिवसांत मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला हात लावला आणि सकाळी चाळीस मेंढरं ताठ झालेली. खरं-खोटं कुणी बघितलं नव्हतं, पण ती भीती तिच्या अंगात मुरलेली होती. सुनेला घरात घेऊ, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर सोमवार तिथंच मोडला असता. ते तिच्या ओठावर आलं आणि मागं गेलं. जन्मभर नको तिथं तोंड घालणारी बाई, बोलायच्या वेळी गप्प बसली. सुषमानं पुन्हा परातीत हात घातला. सोमवार ठरल्याप्रमाणे राहिला.

गुरुवारी सकाळी सुषमाला कावळा शिवला. ती कुणी न सांगता ओसरीच्या टोकाला जाऊन बसली. आता पाणी, धारा, चूल, सगळं भामाबाईवर आलं. ते दर महिन्यालाच यायचं, आणि बारा-बारा दिवस यायचं. आजवर तिला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिनं पहिला हंडा उचलला आणि सृष्टीचे शब्द तिच्या पाठीतून सरसरत गेले. गेली दहा वर्षं सून कोपऱ्यात बसत होती आणि तिच्या वाटणीचं ओझं हिच्या मणक्यावर चढत होतं. सोवळं एकीला सुरीखाली ढकलत होतं आणि दुसरीला जमिनीत. गुरुवार कसाबसा निघाला. संध्याकाळी तिला ताठ उभं राहता येईना. सुषमा कोपऱ्यातून बघत होती.

"आत्या, निम्मा हंडा भरा," ती एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सातला नळाला पाणी आलं. पाणी अर्धाच तास असतं, आणि चार गाई, सहा माणसं. माऊली पहिल्या पाळीला गेलेला, ज्ञानू रानात, पोरं शाळेच्या गाडीत. भामाबाईनं हंडा भरला. निम्मा नाही, काठोकाठ. सवय कुठं जाते? खाली वाकून तिनं तो गुडघ्यावर घेतला, गुडघ्यावरून कमरेवर घेण्यासाठी अंगाला पीळ दिला, आणि पाठीत काहीतरी कट् असं वाजलं. सुकं काटूक मोडावं तेवढाच आवाज, पण तो ओसरीपर्यंत गेला. हंडा निसटला, पाणी अंगणभर झालं. भामाबाई आधी गुडघ्यावर आली आणि मग कुशीवर कलंडली. तिला ओरडायला श्वासच मिळेना.

सुषमा गोणपाटावरून उठून धावली. चिखलातून धावत ती सासूजवळ आली, खाली बसली, तिला उठवायला हात पुढं केला, आणि तो हात भामाबाईच्या खांद्यापासून वीतभर वर थांबला.

"आत्या," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "शिवू का?"

भामाबाई तिच्याकडं बघत राहिली. सख्ख्या भावाची लेक. तिला नाव ठेवायला हीच गेली होती, पाळण्यात पहिल्यांदा उचललं होतं ते हिनंच. ती पोर आज मोडून पडलेल्या आत्याला हात लावायला परवानगी मागत होती, आणि तिला असं मागायला कुणी शिकवलं हे भामाबाईला विचारावं लागत नव्हतं. पाठीतली कळ मस्तकात जात होती. त्याहून जास्त तिला त्या हाताची लाज वाटली.

"शिव," ती म्हणाली.

सुषमानं काखेत हात घालून तिला हळूहळू बसती केली. दोघी चिखलानं माखल्या. पायरीपायरीनं टेकत त्या उंबऱ्याशी आल्या, आणि तिथं सुषमाचे पाय पुन्हा अडले. आतल्या भिंतीला देवाची खोली.

"आत कशी यिऊ?"

"पायानं यी. मला काय उंबऱ्यात मारतीस?"

ती आत आली. आत्याला खाटेवर कुशीवर निजवलं, पाठीशी उशी लावली, पदरानं तिचं तोंड पुसलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ती त्या दिवसांत त्या छपराखाली होती. दोघींच्याही माना एकदमच देवाच्या खोलीकडं वळल्या. दोघी थांबल्या. गोठ्यात गाय हंबरली तशी भामाबाई शहारली, आणि त्या शहारण्यानं पाठीतून पुन्हा आग गेली. पण गाय पाण्यासाठी हंबरत होती. बाकी काही झालं नाही.

"सुषे, सोमवारचं ऱ्हाऊ दे."

सुषमानं मान हलवली. "आज तुमी पडलात म्हनून मला आत घेतली. बऱ्या झाल्यावर पुना गोणपाट हातात देताल. मला ठावं हाय. जाऊ द्या मला सोमवारी."

भामाबाईला यावर रागावता आलं नाही. पोरगी खरं बोलत होती. पडलेल्या माणसाच्या शब्दाला काय किंमत? तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"बरी व्हायची न्हाई मी," ती म्हणाली. "मणका एकदा चेपला की तसाच ऱ्हातो, डॉक्टरीण म्हनली व्हती. दुखायचं कमी व्हईल, पर मी आता अशीच वाकून चालनार. माझ्यामागं धाजणी अशाच चालनार, अकरावी तर गेलीच. आन् तूबी माझ्यावानीच चालावंस म्हनून मी तारीक लावून आली." तिनं मान देवाच्या खोलीकडं केली. "जा, देवाचा दिवा लाव."

"मी? आज?"

"तूच. आजच. मी हितनं बघती. काय व्हायचं त्ये मला हू दे. तुझ्या सासऱ्याला आन् माऊलीला मी सांगन, मीच सांगितलं म्हनून."

सुषमानं हात धुतले आणि ती देवाच्या खोलीत गेली. आत काडी ओढल्याचा आवाज आला. पहिली विझली, दुसरीही विझली. भामाबाईनं खाटेची कड मुठीत धरली होती. तिला अजूनही भीती वाटत होती, घराची, पोरांची, गाईंची. बावीस वर्षं ज्या देवाला तिनं एकटीनं दिवा लावला, तो काय करील हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिसरी काडी धरली.

सुषमा बाहेर आली. तिनं फोन उचलून माऊलीला लावला. "आत्या पडल्यात," ती म्हणाली. "गाडी आत्ताच पाठवा. त्या डॉक्टरणीकडं जाऊ, दोघीबी. आन् सोमवारची तारीक मोडून टाका." तिकडून माऊली काहीतरी विचारत राहिला. तिनं फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि आत्यासाठी दूध तापत ठेवलं. तिचा तो दुसरा दिवस होता.